फायबर गेलं की घरचं नेट आपोआप मोबाइल डेटावर कसं आणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत शामरावनगरात पहिल्या मजल्यावर घर आहे आणि नवरा-बायको दोघंही पुण्याच्या कंपन्यांचं काम घरून करता. केबलवाल्याचं १०० एमबीपीएसचं फायबर आठवड्यातून एक-दोनदा जातं, तेही बहुधा मीटिंग चालू असताना. मग मोबाइलचा हॉटस्पॉट, लॅपटॉप पुन्हा जोडणं, प्रिंटर दिसेना, कॅमेरे बंद. राउटरच्या मागं यूएसबी पोर्ट आहे, कपाटात जुना ४जी डोंगल (सिम घालून यूएसबीला लावायचा) पडून आहे. तो लावला तर नेट आपोआप त्याच्यावर जाईल का?

जाऊ शकतं. मी सांगली-मिरजेत घरांचं आणि छोट्या ऑफिसांचं नेटवर्किंग करतो, आणि हे काम बऱ्याच ठिकाणी केलंय. पण आजच काही विकत घेऊ नका. आधी दोन आठवडे नेट का जातं ते बघा, कारण प्रत्येक कारणाचा इलाज निराळा आहे.

नेट गेलं की केबलवाल्याने लावलेल्या पांढऱ्या डब्यासमोर, म्हणजे ओएनटीसमोर, जाऊन उभं राहा. त्यावर ‘पीओएन’ आणि ‘एलओएस’ असे दोन दिवे असतात. पीओएन हिरवा आणि स्थिर असेल तर तुमच्या घरापर्यंत प्रकाश येतोय, तार शाबूत आहे. एलओएस लाल लुकलुकत असेल तर प्रकाश येत नाही. अशा वेळी शेजारी त्याच केबलवाल्याचं नेट असेल तर त्यांना विचारा. त्यांचंही गेलं असेल तर मुख्य तार तुटली किंवा केबलवाल्याच्या ऑफिसातलं मशीनच बंद पडलं. फक्त तुमचं गेलं असेल तर तुमच्या घरी येणारी पिवळी किंवा काळी बारीक वायर कुठंतरी दुमडली, उंदरानं कुरतडली किंवा खांबावरच्या डब्यातला सांधा सुटला. असं फक्त तुमचंच जात असेल तर बॅकअप नकोच, केबलवाल्याकडून वायर बदलून घ्या. खिडकीच्या फटीत चेपलेली फायबर वायर मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता घरात शिरल्यावर आधी खिडकीच बघतो.

तिसरा प्रकार फसवा. पीओएन हिरवा, इंटरनेटचा दिवाही हिरवा, वायफाय पूर्ण, आणि एकही साइट उघडत नाही. म्हणजे तुमच्यापासून केबलवाल्यापर्यंत सगळं ठीक आहे, त्याच्या पलीकडची लाइन गेली आहे. हा प्रकार लक्षात ठेवा, कारण राउटरचा बॅकअप बहुतेक वेळा याच ठिकाणी तोंडघशी पडतो.

आणि चौथा, ज्याला लोक नेटचा दोष समजतात पण तो लाइटचा असतो. लाइट गेली, इन्व्हर्टर सुरू झाला, दिवे-पंखे चालूच राहिले, पण त्या मधल्या क्षणात राउटर आणि ओएनटी बंद होऊन परत चालू झाले. ओएनटीला पुन्हा लाइनवर यायला, राउटरला लॉगिन व्हायला दोन-तीन मिनिटं जातात. घरचे म्हणतात, ‘लाइट गेली की नेट जातं.’ इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असं बटण असेल तर ते यूपीएसवर करून बघा, अदलाबदलीचा वेळ कमी होतो. त्यानंही भागलं नाही तर राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या.

हा छोटा यूपीएस घेताना खोक्यावरच्या एमएएचच्या मोठ्या आकड्यावर जाऊ नका. तो आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टवरचा असतो. १०,००० एमएएच म्हणजे ३७ वॅट-तास. त्यातलं थोडं व्होल्टेज वाढवण्यात वाया जातं, हातात साधारण तीस उरतात. ओएनटी आणि राउटर मिळून दहा वॅट खात असतील तर तीन तास चालेल. ६,००० एमएएचवाला दोन तासांच्या आत दम सोडेल. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टरवरचं लेबल वाचा. काही राउटर १२ ऐवजी ९ व्होल्टचे असतात, आणि १२ व्होल्टची पिन त्यात बिनदिक्कत बसते. बॅकअपसाठी ४जीचा वेगळा डबा घेणार असाल तर त्यालाही याच यूपीएसवरून वीज हवी. ही तिसरी वायर लोक हमखास विसरतात, मग लाइट जाते तेव्हा बॅकअपच आधी झोपतो.

तर दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं, तार आणि पलीकडची लाइन हेच कारण निघालं, असं धरून पुढं जाऊ.

दुसरं कनेक्शन घेताना पहिला विचार मनात येतो तो दुसऱ्या केबलवाल्याचा. स्वस्त पडतं, डेटाची मर्यादा नाही. पण तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन एकदा वर बघा. एकाच खांबावरून चार कंपन्यांच्या तारा एकाच हुकात अडकवलेल्या दिसतील. गळीत हंगामात उसानं उंच भरलेली ट्रॉली त्या झोळाखालून गेली की चारही एकदम खाली. गणपतीत उंच मूर्तीसाठी तारा उचलतात किंवा सोडतात तेव्हाही तेच. ड्रेनेजसाठी जेसीबी आला तर जमिनीखालच्याही एकत्रच जातात. कंपनीचं नाव निराळं असणं पुरेसं नाही, तार घरात दुसऱ्या बाजूनं आणि वेगळ्या रस्त्यावरून यायला हवी. दुसऱ्या कंपनीच्या लाइनमनला सरळ विचारा: ‘तुमची वायर कुठल्या चौकाकडून येते? तुम्ही पुढची लाइन कुणाकडून घेता?’ लाइनमन खरं सांगतो. विक्री करणाऱ्याला बहुतेक वेळा ठाऊक नसतं.

म्हणून घरासाठी माझी पसंती तारेला तार नव्हे, तारेला हवा. म्हणजे मोबाइलचं सिम. टॉवरलाही मागून बऱ्याचदा फायबरच असतं, पण ते तुमच्या गल्लीतल्या खांबावरून येत नाही.

शामरावनगर म्हटल्यावर पुराचं बोलावं लागेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. अशा दिवसांत महावितरण पाणी शिरलेल्या भागाची वीज सुरक्षेसाठी बंद करतं, आणि त्यात चूक काही नाही. मग तुमचा राउटर कितीही हुशार असला तरी तुमचा यूपीएस तीन तासांचा, टॉवरची बॅटरी संपली की जनरेटरला डिझेल पोचवावं लागतं आणि डिझेलची गाडी पाण्यातून येत नाही. जे टॉवर चालू राहतात त्यांच्यावर सगळं गाव एकदम येतं. तेव्हा पुरासाठी हा बॅकअप धरू नका. त्या दिवसांसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं आणि भरलेली पॉवरबँक ठेवा. राउटर, ओएनटी, यूपीएस मात्र आजच जमिनीपासून उंच भिंतीवर लावा. तुम्ही पहिल्या मजल्यावर आहात म्हणून ठीक. तळमजल्यावर जिन्याखाली हा सगळा संसार मांडलेली घरं मला माहीत आहेत.

आता सिम कुठलं घ्यायचं. मित्राचं कुठलं जोरात चालतं यावर ठरवू नका, तुमच्या घरात, ज्या खिडकीत डोंगल किंवा ४जीचा डबा बसणार त्याच खिडकीत मोजा. घरातल्या आणि पाहुण्यांच्या वेगवेगळ्या सिमांवर रात्री आठ ते दहाच्या दरम्यान वेग तपासा. दुपारी तीनला सगळीच सिमं चांगली दिसतात. अँड्रॉइडवर सिग्नलचे आकडे दाखवणारी फुकट ॲप आहेत. त्यात आरएसआरपी हा सिग्नलच्या जोराचा आकडा उणे ९० किंवा त्याहून चांगला, म्हणजे उणे ८५, ८० असा, असेल तर उत्तम. उणे १०० पर्यंत चालतं, उणे ११० च्या खाली गेलं की व्हिडिओ कॉल तुटायला लागतो. त्याच्या शेजारी एसआयएनआर असतो, म्हणजे गोंगाटाच्या मानानं सिग्नल किती. माझं लक्ष आधी तिकडं जातं, कारण रेंजच्या पाच कांड्या असूनही आजूबाजूच्या टॉवरांच्या गोंगाटात हा आकडा शून्याजवळ असेल तर वेग मिळत नाही. दहाच्या वर असला की निश्चिंत. खिडकी बदलली, डबा चार फूट सरकवला तरी हा आकडा बदलतो, म्हणून घाईनं भिंतीत खिळे ठोकू नका.

जुन्या डोंगलबद्दल. तो कुठल्या कंपनीनं सिमसोबत दिलेला असेल तर बऱ्याचदा त्याच कंपनीला बांधलेला असतो, दुसरं सिम घेत नाही. शिवाय कुठले बँड, म्हणजे सिग्नलच्या लहरींचे पट्टे, पकडतो तेही महत्त्वाचं. आपल्याकडं ४जीसाठी बँड ३, ५, ८, ४० वगैरे वापरतात, प्रत्येक कंपनीचा संच वेगळा. परदेशातून आलेला किंवा फार जुना डोंगल यातले मोजकेच पकडतो. पाठीवरचा मॉडेल नंबर टाकून बघा.

आणि तुमच्या राउटरचा यूएसबी पोर्ट. इथं बऱ्याच जणांची निराशा होते. यूएसबी पोर्ट आहे म्हणजे त्यावर मोडेम चालतो असं नाही. पुष्कळ राउटरांत तो पेनड्राइव्ह आणि प्रिंटरसाठीच असतो. राउटरच्या सेटिंगच्या पानावर ‘३जी/४जी’, ‘यूएसबी मोडेम’ किंवा ‘ड्युअल वॅन’ (वॅन म्हणजे बाहेरून येणारं नेट) असा पर्याय दिसतो का बघा. तो नसेल तर डोंगल लावून चार तास घालवण्यात अर्थ नाही. पर्याय असेल तरी दोन अडचणी उरतात. पहिली विजेची: यूएसबी २.० चा पोर्ट ठरल्याप्रमाणे ५०० मिलीअँपिअर देतो, आणि रेंज कमी असताना डोंगल जोर लावतो तेव्हा त्याची भूक वाढते. मग तो तासाभरानं बंद पडून परत चालू होतो आणि दोष सिमला जातो. दुसरी, राउटर जिथं आहे तिथं मोबाइलची रेंज असेलच असं नाही. चांगल्या प्रतीची दीड-दोन मीटरची एक्स्टेंशन वायर घेऊन डोंगल खिडकीकडं न्या. निळा यूएसबी ३.० पोर्ट असेल तर त्याचा २.४ गीगाहर्ट्झच्या वायफायला त्रास होतो, सेटिंगमध्ये तो २.० वर आणता येत असेल तर आणा.

मला विचाराल तर दोघांची नोकरी नेटवर अवलंबून असताना मी डोंगलच्या वाटेला जाणार नाही. मी दोन तुकडे वेगळे ठेवतो. एक, सिम घालायचा ४जीचा छोटा राउटर ज्याला लॅन पोर्ट (नेटवर्कची वायर लावायची जागा) आहे, तो खिडकीत. दोन, दोन वॅन घेणारा राउटर. टीपी-लिंकचा ईआर६०५ किंवा मायक्रोटिकचा हेक्स हे यातले सहज मिळणारे. यांना वायफाय नसतं, म्हणून तुमचा आत्ताचा राउटर फेकू नका. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, तो वायफाय देत राहील. वायफायचं नाव-पासवर्ड तेच, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांना काही कळणारसुद्धा नाही. २०२३ पासून आलेलं छतावर अँटेना लावून मिळणारं एअरफायबर तुमच्या भागात असेल तर ४जीच्या डब्याऐवजी तेही दुसऱ्या वॅनला जोडता येतं. डेटा भरपूर मिळतो, पण महिन्याचं भाडं चालू राहतं.

राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे फुकट सॉफ्टवेअर टाकायची सवय असेल तर एमवॅन३ हे पॅकेज हेच काम फुकटात आणि फार बारकाईनं करतं. सवय नसेल तर त्यात पडू नका. शनिवारी रात्री राउटर अडकला तर सोमवारच्या मीटिंगला कुणाला बोलावणार?

आता सेटिंग. सगळं घोडं अडतं ते इथं.

सुरुवात पत्त्यांपासून, म्हणजे नेटवर्कवरच्या प्रत्येक डब्याच्या आयपी नंबरापासून. ओएनटीचा पत्ता १९२.१६८.१.१, तुमच्या राउटरचाही १९२.१६८.१.१, ४जीच्या डब्याचाही तोच, असं झालं की राउटर गोंधळतो. दोन्ही वॅन आणि घरचं लॅन (घरातलं नेटवर्क) या तिघांचे पत्ते वेगळ्या गटांत पाहिजेत. मी घरचं लॅन १९२.१६८.५०.१ वर नेतो. फायबर आणि ४जीचे डबे बहुतेक १, ८, २९, २२५ अशा गटांत (पत्त्यातला तिसरा आकडा) असतात, पन्नास सहसा मोकळं सापडतं.

मग राउटरमध्ये फायबर पहिलं आणि ४जी दुसरं, असा क्रम लावा. ‘लोड बॅलन्स’ असा पर्याय दिसेल आणि मोह होईल की दोन्हींचा वेग एकत्र करावा. बंद ठेवा. त्यात एक पान फायबरवरून आणि दुसरं सिमवरून जातं, बँकेच्या साइटला एकाच माणसाचे दोन पत्ते दिसतात आणि ती बाहेर काढते. ऑफिसच्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरायचा व्हीपीएनही रुसतो. ‘फेलओव्हर’ किंवा ‘बॅकअप’ एवढंच निवडा.

फायबर गेलंय हे राउटरला कसं कळणार, हा कळीचा प्रश्न. साधे राउटर फक्त वायर जोडलेली आहे का ते बघतात. तुमची वायर ओएनटीला जोडलेली आहे, ओएनटीला वीज आहे, त्यामुळं राउटरच्या मते सगळं झकास, आणि ४जी शेजारी रिकामं बसून राहतं. थोडे शहाणे राउटर पुढच्या गेटवेला, म्हणजे केबलवाल्याकडच्या मशीनला, पिंग करतात, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर येतं का बघतात. पण वर सांगितलेल्या तिसऱ्या प्रकारात केबलवाल्याचं मशीन चालूच असतं, पलीकडची लाइन गेलेली असते. गेटवे उत्तर देतो, राउटर फसतो. मायक्रोटिकमध्ये नुसतं ‘चेक गेटवे’ चालू केलं तर हेच होतं, तिथं दूरच्या पत्त्यावर टेकणारा रिकर्सिव्ह रूट लावावा लागतो. म्हणून तपासणीचा पत्ता नेहमी बाहेरचा द्या: १.१.१.१ (क्लाउडफ्लेअरचा) आणि ८.८.८.८ (गूगलचा), दोन्ही. एकच दिला आणि त्या सेवेलाच अडचण आली तर तुमचं चांगलं फायबर सोडून राउटर सिमवर उडी मारेल. ‘दोन्ही गेले तरच बंद समजा’ असं ठेवा.

किती वेळानं तपासायचं? माझा आवडता हिशेब: दर पाच सेकंदांनी एकदा, सलग चार वेळा उत्तर नाही आलं तर फायबर गेलं. म्हणजे वीस सेकंदांत अदलाबदल. त्याहून घाई केली तर फायबरला साधी उचकी लागली तरी राउटर पळतो. परत येताना मात्र मी मुद्दाम आळशी ठेवतो. फायबर आल्याबरोबर परत जाऊ द्यायचं नाही. तार सांधताना लाइनमन ती चार वेळा जोडतो, काढतो, बघतो. प्रत्येक वेळी तुमचा राउटर इकडून तिकडं गेला तर मीटिंग चार वेळा तुटेल. सलग तीन मिनिटं फायबरनं उत्तर दिलं तरच परत, म्हणजे पाच सेकंदांच्या हिशेबानं छत्तीस उत्तरं. काही राउटरांत हे आकडे वेगळे देता येत नाहीत. हा पर्याय आहे की नाही हे मी राउटर घेताना आधी बघतो.

सिमच्या बाजूलाही तपासणी हवी, नाहीतर रिचार्ज संपलेलं तुम्हाला नेमकं गरजेच्या दिवशी कळेल. ही तपासणी डेटा खाईल अशी भीती वाटते, पण हिशेब करून बघा. एक पिंग जाऊन-येऊन साधारण १७० बाइट. मिनिटाला एक धरला तर दिवसाला पाव एमबी. काहीच नाही. उलट त्यानं सिम वापरात राहतं. नव्वद दिवस अजिबात वापर नसलेलं सिम बंद होऊ शकतं.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, हा छुपा खड्डा आहे. बऱ्याच घरांत राउटर केबलवाल्याचा डीएनएस वाटत असतो. नेट सिमवर गेलं की तो डीएनएस बाहेरच्या नेटवर्कला उत्तर देत नाही, आणि पिंग चालू पण साइट बंद असा विचित्र प्रकार दिसतो. लॅनच्या सेटिंगमध्ये डीएनएस हातानं १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा. आणि अदलाबदलीनंतर काही साइट उघडतात, काही अर्धा मिनिट घुटमळतात असं दिसलं तर घरच्या लॅनवरचं आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) बंद करून बघा. फायबरकडून मिळालेला जुना आयपीव्ही६ पत्ता लॅपटॉप धरून बसतो आणि आधी त्याच वाटेनं प्रयत्न करतो.

अदलाबदल झाली तरी चालू असलेली जोडणी तुटतेच, हे मनाशी धरा. बाहेरून दिसणारा तुमचा पत्ता बदलतो. मीट किंवा झूम काही सेकंद थिजतं आणि स्वतःहून परत येतं. व्हीपीएन पुन्हा जोडावा लागतो, त्यात ‘आपोआप जोडा’ असेल तर चालू करा. कधी व्हीपीएन किंवा वायफाय कॉलिंग जुन्याच वाटेला चिकटून राहतं, तेव्हा राउटरमध्ये ‘अदलाबदलीवेळी जुने कनेक्शन साफ करा’ अशा अर्थाचा पर्याय शोधा. एमवॅन३ मध्ये तो आहे. तुमच्यापैकी कुणाच्या कंपनीनं घरचा ठरावीक पत्ताच नोंदवून घेतला असेल तर सिमवरून आत शिरता येणार नाही. आयटीवाल्यांना आधीच विचारून ठेवा.

कॅमेऱ्यांबद्दल थोडंच. बाहेरून थेट पोर्ट उघडून कॅमेरे बघत असाल तर सिमवर ते दिसणार नाहीत, कारण मोबाइल कंपन्या एकच बाहेरचा पत्ता अनेकांत वाटतात. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होताना दिसला तर तोच प्रकार. कंपनीच्या ॲपमधून बघत असाल तर चालतील.

मात्र कॅमेरे, टीव्ही आणि फोनचे बॅकअप हेच तुमच्या सिमचा डेटा खाणार. रोजचा दीड किंवा दोन जीबीचा पॅक असेल तर दोघांचे व्हिडिओ कॉल मिळून तो दीड-दोन तासांत संपवतात. त्यात आईंची मालिका टीव्हीवर चालू असेल तर अर्ध्या तासात. कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि गंमत म्हणजे पिंग तेव्हाही उत्तर देतो, म्हणून राउटर म्हणतो सिम उत्तम आहे. यावर राउटरमध्ये एक नियम करा: दुसऱ्या वॅनवरून टीव्हीला आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला बाहेर जाऊ द्यायचं नाही. ईआर६०५ आणि मायक्रोटिक दोन्हींत हे जमतं. त्यासाठी या वस्तूंना राउटरमध्ये कायमचा पत्ता बांधून द्या. तेवढं कटकटीचं वाटलं तर रोजच्या मर्यादेऐवजी एकदम ठरावीक जीबी देणारा डेटा पॅक घ्या. महिनाभर न वापरता पडलेला डेटा एका दिवशी कामाला येतो. विंडोजचे अपडेटही तेव्हाच जागे होतात, म्हणून सिमवर जाताच लॅपटॉपला वायफाय ‘मीटर्ड’, म्हणजे मोजक्या डेटाचं, आहे असं सांगायची सवय लावा.

सगळं लावून झालं की चाचणी. इथं राउटरमधून फायबरची वॅन केबल उपटून बघू नका. ती तर साधा राउटरही ओळखतो, त्यानं काही सिद्ध होत नाही. ओएनटी आणि राउटर चालू ठेवून ओएनटीच्या बुडाची हिरव्या टोकाची फायबर पिन हळूच ओढा. लगेच तिच्यावर टोपी घाला, टोकाला बोट लावू नका, आणि त्यात डोळा घालून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही पण असतो. आता घड्याळ लावा. लॅपटॉपवर मीट चालू ठेवा, शेजारी १.१.१.१ ला पिंग लावा. वीस-पंचवीस सेकंदांत पिंग परत सुरू व्हायला हवा आणि वेळ पाच-सात मिलीसेकंदांवरून चाळीस-पन्नासवर गेलेली दिसेल. तीच सिमवर गेल्याची खूण. प्रिंटरवर एक पान काढा. मग पिन परत ‘टक’ आवाज येईपर्यंत बसवा आणि राउटर तीन मिनिटं थांबून परत येतो का ते बघा. हे रविवारी सकाळी करा, महिन्यातून एकदा, आणि त्याच वेळी सिमच्या रिचार्जची तारीख पण बघा.

एवढा खर्च आत्ता नको असेल तर एक फुकटातली युक्ती. फोनच्या हॉटस्पॉटला घरच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, अक्षर न् अक्षर तेच. फायबर गेलं की घरच्या राउटरचं वायफाय बंद करा आणि हॉटस्पॉट चालू करा. लॅपटॉप, प्रिंटर, टॅब सगळे आपोआप त्यावर येतात. राउटर चालूच ठेवला तर ते त्यालाच चिकटून बसतील. आयफोनच्या हॉटस्पॉटचं नाव म्हणजे फोनचंच नाव असतं, ते बदलावं लागतं. शिवाय प्रिंटर २.४ वरच चालत असेल तर हॉटस्पॉट त्या बँडवर ठेवा. नेट महिन्यातून एखाद्या वेळीच जाणाऱ्या घरांना मी एवढंच सुचवतो.

तुमच्याकडं ते आठवड्यातून एक-दोनदा जातंय आणि दोघांच्या नोकऱ्या आहेत, म्हणून माझं मत: आधी छोटा यूपीएस, मग खिडकीतला ४जीचा डबा, आणि दोन वॅनचा राउटर शेवटी. यूपीएस आल्यावर निम्म्या तक्रारी मिटल्या तर बाकीचं घ्यायची घाई नाही. डोंगलचा आणि राउटरचा मॉडेल नंबर, आणि नेट गेलेलं असताना एलओएसचा दिवा कसा होता एवढं कळवलंत तर डोंगल कामाचा आहे की नाही ते नेमकं सांगता येईल.